अर्नाळा बेटाची एक दिवसाची यात्रा : स्वतंत्र होडी, जाणकार मार्गदर्शक आणि तिथीचे गणित

श्रीजीवदानी देवीच्या दर्शनासाठी विरार येथे येणाऱ्या भाविकांपैकी अनेकजण, विशेषतः नाशिक, पुणे, गुजरात व मध्य प्रदेशातून सहकुटुंब येणारे यात्रेकरू, दर्शनानंतरचा उरलेला दिवस कोठे घालवावा अशी विचारणा करतात. गडाच्या माथ्यावरून निरभ्र दिवशी पश्चिमेकडे समुद्राची रेघ दिसते. त्या दिशेला, वैतरणा नदीच्या मुखाशी, अर्नाळ्याचे बेट आहे. बेटावर तटबंदीने वेढलेला जलदुर्ग आहे, दुर्गात महादेवाचे स्थान आहे आणि दुर्गाबाहेर पिढ्यान्‌पिढ्या नांदणारा कोळीवाडा आहे. तेथे जाण्यासाठी आपल्या सवडीप्रमाणे होडी व मार्गदर्शक कसा ठरवावा, कोणत्या तिथीस कोणत्या वेळी निघावे आणि पोहोचल्यावर काय पाहावे, याची माहिती यात्रेकरूंच्या उपयोगासाठी येथे दिली आहे.

जलदुर्गाच्या यात्रेत सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे वेळ, आणि ती वेळ घड्याळ ठरवीत नाही, समुद्र ठरवितो. म्हणून बहुतेक लेखांत शेवटी येणारा भरती-ओहोटीचा विषय येथे आरंभीच घेतला आहे.

तिथीवरून भरती कशी ओळखावी

समुद्रास दिवसातून दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सुमारे साडेबारा तास जातात. भरतीच्या पूर्णतेपासून ओहोटीच्या टोकापर्यंतचे अंतर सव्वासहा तासांच्या आसपास असते. चंद्र रोज आदल्या दिवसापेक्षा उशिरा माथ्यावर येतो, त्यामुळे भरतीदेखील रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. हे गणित आपल्या किनाऱ्यावरील लोकांनी पंचांगाशी जोडून फार सोपे करून ठेवले आहे. ज्या दिवशी प्रवास करावयाचा त्या दिवसाची तिथी घ्यावी आणि तिची पाऊणपट करावी. जो अंक येईल ती पूर्ण भरतीची वेळ, दिवसाचीही आणि रात्रीचीही. शुक्ल पक्ष असो की कृष्ण पक्ष, रीत एकच.

उदाहरणार्थ, चतुर्थीच्या दिवशी चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास भरती पूर्ण होते. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सकाळी सहा व सायंकाळी सहा, आणि ओहोटी ऐन दुपारी बारास. एकादशीस सव्वाआठ. पौर्णिमा व अमावास्या यांस पंधरा धरावे, म्हणजे सव्वाअकरा येतात. प्रत्यक्षात त्या दिवशी भरती बाराच्या जवळ पूर्ण होते, कारण पाऊणपट ही मूळ हिशेबाची सोपी केलेली रीत आहे. पंधरवड्याच्या अखेरीस ती अर्ध्या-पाऊण तासाने मागे पडते. शिवाय खाडीच्या मुखाशी आणि उघड्या किनाऱ्यावर थोडाफार फरक राहतोच. तेव्हा या गणितावरून दिवसाचा आराखडा करावा, निघण्याची नेमकी वेळ मात्र होडीवाल्यास विचारूनच पक्की करावी.

वेळेइतकेच महत्त्व पाण्याच्या जोरास आहे. पौर्णिमा व अमावास्येच्या आसपास समुद्रास उधाण असते. त्या दिवसांत भरतीचे पाणी पुष्कळ वर चढते आणि ओहोटीचे पाणी तितकेच दूर जाते. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर गेल्याचे आपण दरवर्षी पावसाळ्यात वर्तमानपत्रांत वाचतो. याउलट सप्तमी, अष्टमी, नवमीच्या सुमारास भरती-ओहोटीतील अंतर कमी असते. या सौम्य दिवसांस कोळी बांधव भांग म्हणतात. वृद्ध माणसे व लहान मुले बरोबर असतील तर भांगाचे दिवस निवडावेत. ज्यांना तिथी बदलता येत नाही त्यांनी निदान वेळ बदलावी.

या रीतीचा एक फार मोठा लाभ भाविकांच्या सहसा ध्यानात येत नाही. आपले सण तिथीनुसार येत असल्यामुळे त्या त्या सणाची भरतीची वेळ दरवर्षी जवळपास तीच असते. इंग्रजी तारीख सप्टेंबरची येवो अथवा ऑक्टोबरची, शारदीय नवरात्राच्या प्रतिपदेस भरती दुपारी पाऊणच्या सुमारास असणार. ललितापंचमीस ती पावणेचारच्या सुमारास असणार आणि महाष्टमीस सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास. महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशीस येते, म्हणून त्या दिवशी भरती साडेदहा-अकराच्या दरम्यान आणि ओहोटी सायंकाळी पाचच्या सुमारास, तीही अमावास्येच्या तोंडावरची, म्हणजे उधाणाची. ज्यांना महाशिवरात्रीस बेटावरील महादेवाचे दर्शन घ्यावयाचे आहे त्यांनी सकाळीच पलीकडे जावे आणि दुपारी पाणी फार उतरण्यापूर्वी परतावे.

होडी : फेरीची की स्वतंत्र

विरार पश्चिमेकडून आगाशीमार्गे अर्नाळ्यास बसगाड्या व रिक्षा जातात. वाटेत आगाशी येथील भवानीशंकराचे मंदिर व जैन मंदिर ही दोन्ही प्रसिद्ध स्थाने आहेत. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरून बेटावर जाणाऱ्या होड्या मुळात बेटावरील रहिवाशांच्या नित्याच्या ये-जा करण्यासाठी आहेत. शाळेत जाणारी मुले, बाजारात मासळी नेणाऱ्या स्त्रिया, दवाखान्यात निघालेले आजारी, सर्वजण याच होडीने जातात. प्रवास काही मिनिटांचाच आहे. एकट्यादुकट्या यात्रेकरूने या फेरीच्या होडीने जाण्यास काहीच हरकत नाही. उलट बेटाची ओळख त्या होडीतच सुरू होते.

परंतु दहा-पंधरा जणांचा परिवार असेल, बरोबर वृद्ध असतील किंवा दर्शन उरकून खाली येण्यास किती वेळ लागेल याचा अंदाज नसेल, तर स्वतंत्र होडी ठरविणे योग्य. गडाच्या तेराशेहून अधिक पायऱ्या चढून-उतरून आलेल्या माणसास ठराविक फेरी गाठण्यासाठी धावपळ करावी लागू नये, हे एक कारण. दुसरे कारण असे की, मोठा परिवार एकदम फेरीच्या होडीत चढला की गावकऱ्यांची जागा जाते. सुट्टीच्या दिवशी पाहुण्यांच्या गर्दीमुळे बेटावरच्या बाईला मासळीची टोपली घेऊन किनाऱ्यावर ताटकळत बसावे लागणे हे यात्रेकरूंना शोभणारे नाही.

स्वतंत्र होडी ठरविताना बोलणी दोन-तीन दिवस आधी करावी आणि थोडा विसार द्यावा. व्यवहार तोंडी असला तरी पुढील गोष्टी स्पष्ट बोलून घ्याव्यात. ठरलेली रक्कम जाण्या-येण्याची मिळून आहे की एका वाटेची? होडी पलीकडे थांबून राहणार की सोडून परत येणार, आणि थांबल्यास त्याचे वेगळे पैसे आहेत काय? दर्शनास उशीर झाल्यास निघण्याची वेळ किती पुढे नेता येईल? यातील शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा ‘या तुम्ही, बघू’ असे मिळते. त्यावर समाधान मानू नये. अमुक वाजेपर्यंत आम्ही किनाऱ्यावर आलो नाही तर त्या दिवशीचा प्रवास रद्द, अशी शेवटची वेळ भरतीचा हिशेब करून दोघांनीही ठरवून घ्यावी. सवलत हवी ती या मर्यादेच्या आत. हवामानामुळे प्रवास रद्द झाला तर विसार परत मिळेल की दुसऱ्या दिवसासाठी धरला जाईल, हेही आधीच विचारावे.

एक गोष्ट मात्र यात्रेकरूंच्या हाती नाही व ती असूही नये. वारा सुटला, पाणी खवळले आणि तांडेल ‘आज नको’ म्हणाला, तर तो शब्द अखेरचा मानावा. लांबून आलो आहोत, पुन्हा येणे होणार नाही, चार पैसे अधिक घ्या, असा आग्रह करू नये. होडी हाकणाऱ्या माणसावर असा दबाव आणणे म्हणजे आपल्याच मुलाबाळांच्या जिवाशी खेळणे होय.

होडीत पाय ठेवण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. एक, होडीस परवाना आहे काय व तीत किती माणसांस परवानगी आहे. महाराष्ट्रात प्रवासी होड्यांवर महाराष्ट्र सागरी मंडळाचे नियंत्रण असते. दुसरी, जीवरक्षक जाकिटे माणशी एक आहेत काय व ती बालकांच्या मापाचीही आहेत काय. प्रवास इतका थोडा, जाकीट कशाला, असे म्हणणारे प्रत्येक परिवारात कोणी ना कोणी असते. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात घारापुरीस निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची एक वेगवान बोट आदळली आणि अनेकांचे प्राण गेले. त्या दिवशी समुद्र खवळलेला नव्हता, वादळ नव्हते, प्रवासही नित्याचाच होता. जाकीट अंगात असणे व होडीच्या कोपऱ्यात रचून ठेवलेले असणे यांतील अंतर अशा क्षणी कळते.

होडीत चढता-उतरताना गुडघाभर पाण्यातून जावे लागू शकते. ओहोटीच्या टोकास पाणी फार मागे गेलेले असते व ओल्या वाळूतून चालावे लागते. म्हणून भरजरी वस्त्रे, चामड्याची पादत्राणे व जड सामान बरोबर नेऊ नये. चालण्यास कठीण जाणाऱ्या वृद्धांसाठी पाणी निम्मे चढलेले किंवा निम्मे उतरलेले असतानाची वेळ बरी. जून ते सप्टेंबर या काळात यात्रेकरूंनी बेटाचा बेत करू नये. बेटवासीयांस पावसाळ्यातही ये-जा करावी लागते ती निरुपायाने. पाहुण्यांस तसा निरुपाय नसतो.

मार्गदर्शक कसा असावा

घारापुरीसारख्या जगप्रसिद्ध स्थळी लेण्यांची माहिती सांगणारे परवानाधारक मार्गदर्शक सहज भेटतात. अर्नाळा हे तसे गजबजलेले पर्यटनस्थळ नाही, त्यामुळे येथे मार्गदर्शकाची सोय आधी करून जाणे बरे. दोन प्रकारची माणसे उपयोगी पडतात. एक म्हणजे इतिहासाचा अभ्यास असलेली. वसई परिसरात दुर्गसंवर्धनाचे काम करणारी ‘किल्ले वसई मोहीम’ यांसारखी इतिहासप्रेमी मंडळी या भागात अनेक वर्षे कार्यरत आहेत. दुसरी म्हणजे बेटावरचाच एखादा जाणता माणूस, ज्याला कोणती पायरी निसरडी आहे, कोणत्या विहिरीस गोडे पाणी आहे आणि कोणाच्या अंगणातून जाताना विचारून जावे हे माहीत असते. आमच्या मते दुसऱ्या प्रकारचा माणूस अधिक आवश्यक. इतिहास घरी परतल्यावरही वाचता येतो.

मार्गदर्शकाशी बोलताना किती ठिकाणे दाखविणार असे विचारण्याऐवजी किती वेळ बरोबर राहणार असे विचारावे. बेट लहान आहे, दोन-अडीच तासांत सावकाश पाहून होते. आपल्या परिवारात कोणास चढणे जमणार नाही, कोणास उपवास आहे, कोणास लवकर परतावयाचे आहे, हे त्यास आधीच सांगावे. म्हणजे तो क्रम त्याप्रमाणे लावील. तटावर न चढणाऱ्यांनी मंदिराजवळ बसावे व इतरांनी फेरफटका मारून तेथेच परत यावे, ही योजना बहुतेकांस सोयीची ठरते. मार्गदर्शकाचा मोबदला होडीच्या भाड्यात धरलेला आहे असे गृहीत धरू नये. तो वेगळा ठरवावा व वेगळा द्यावा.

बेटावर काय पाहावे

सोळाव्या शतकाच्या आरंभी हा किनारा गुजरातच्या सुलतानांकडे होता. १५३० नंतरच्या काही वर्षांत वसईवर पोर्तुगीजांचा अंमल बसला व अर्नाळ्याचे बेटही त्यांच्या ताब्यात गेले. वैतरणेच्या मुखातून आत-बाहेर होणाऱ्या जहाजांवर या बेटावरून नजर ठेवता येत असे, त्यामुळे आकाराने लहान असूनही त्याचे मोल मोठे होते. सुमारे दोनशे वर्षांनी, १७३७ मध्ये, चिमाजी अप्पांच्या उत्तर कोकण मोहिमेत मराठ्यांनी ते जिंकून घेतले. या मोहिमेची सांगता मे १७३९ मध्ये वसईच्या विजयाने झाली. आज दिसणारा जंजिरा मुख्यतः मराठ्यांनी पुन्हा बांधून काढलेला आहे. १७८१ मध्ये तो इंग्रजांनी घेतला, पुढे सालबाईच्या तहानंतर तो मराठ्यांकडे परत आला आणि १८१७ मध्ये पेशवाईच्या अखेरच्या युद्धात कायमचा इंग्रजांकडे गेला.

दुर्गाचे महाद्वार उत्तरेस आहे. त्यावर हत्ती व व्याघ्रसदृश पशू कोरलेले आहेत. द्वाराच्या माथ्यावरील देवनागरी शिलालेखापाशी मार्गदर्शकास अवश्य थांबवावे. बाजीरावांच्या आज्ञेवरून शंकराजींनी परकीयांचा पाडाव करून समुद्रात हा जंजिरा उभारला, असा त्याचा आशय आहे. हे शंकराजी म्हणजे वसईच्या मोहिमेतील शंकराजी केशव फडके. बहुतेक मंडळी या द्वारापुढे छायाचित्र काढून आत जातात आणि डोक्यावरच्या अक्षरांकडे कोणाचे लक्ष जात नाही. सकाळच्या वा उतरत्या तिरप्या उन्हात अक्षरे बरी वाचता येतात.

आत शिरल्यावर त्र्यंबकेश्वर महादेवाचे मंदिर लागते. त्याच्यासमोर अष्टकोनी बांधीव तळे आहे. जवळच श्रीनित्यानंद महाराजांच्या पादुका आहेत. दुर्गात दर्गाही आहे. तटाच्या आत काही ठिकाणी गावकऱ्यांचे भाजीपाल्याचे मळे आहेत. चोहोबाजूंनी खारे पाणी असताना आत गोड्या पाण्याच्या विहिरी आणि हिरवे वाफे पाहून लहान मुलांना विशेष नवल वाटते. तळ्याच्या काठी मुलांवर नजर असावी, कडेच्या पायऱ्यांवर शेवाळ असते. तटावरून फिरताना भैरव, भवानी व बावा या बुरुजांची नावे मार्गदर्शक सांगतो. पश्चिमेस खुला समुद्र व उत्तरेस वैतरणेचे मुख हे दोन्ही एकाच जागी उभे राहून पाहिले की, या एवढ्याशा भूमीसाठी तीन सत्ता का झगडल्या याचे उत्तर मिळते.

मुख्य दुर्गापासून अलग, किनाऱ्याजवळ, एक एकटा गोल बुरूज उभा आहे. त्यास हणमंत बुरूज म्हणतात. होडीतून येतानाच तो नजरेत भरतो. कालिकामातेचे मंदिर दुर्गाबाहेर आहे. गावाचे ते श्रद्धास्थान असल्याने दर्शनास जाताना तेथील शिस्त पाळावी. बेटावरील मंदिरांस काही अर्पण करण्याची इच्छा असणाऱ्या दात्यांनी ते मंदिरातील दानपेटीतच टाकावे, वाटेत कोणाच्या हाती देऊ नये.

या दुर्गाचे नाव भारतीय नौदलानेही जतन केले आहे. १९७२ साली दाखल झालेल्या एका युद्धनौकेस अर्नाळा हे नाव होते. ती निवृत्त झाल्यानंतर १८ जून २०२५ रोजी विशाखापट्टणम येथे त्याच नावाची नवी पाणबुडीविरोधी नौका सेवेत दाखल झाली. महाद्वारापाशी उभे असताना मुलांना हे सांगितले, तर शिलालेख वाचण्याचा त्यांचा उत्साह वाढतो असा अनुभव आहे.

हा दुर्ग भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखालील वास्तू आहे. भिंतीवर नावे कोरणे, शेंदूर वा रंग फासणे, दगड हलविणे हा १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याखाली गुन्हा असून त्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. देवीच्या नावाचा जयघोष कोळशाने तटावर लिहिणारेही या कायद्यातून सुटत नाहीत.

कोळीवाड्यातून जाताना

दुर्गाकडे जाणारी वाट घरांमधून जाते. दारापुढे, मोकळ्या जागेत, वलांडीवर मासळी वाळत घातलेली असते. तिचा वास काही यात्रेकरूंस सहन होत नाही आणि ते नाकास पदर लावून, मोठ्याने बोलत पुढे जातात. ती मासळी म्हणजे त्या घराचे वर्षाचे धान्य आहे, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे. छायाचित्र घेण्यापूर्वी विचारावे. खाण्यापिण्याची मोठी सोय बेटावर नाही असे धरून पिण्याचे पाणी व फराळ बरोबर न्यावा. घरगुती जेवण मिळू शकेल काय, हे मार्गदर्शकामार्फत आदल्या दिवशी विचारता येईल. शाकाहारी भाविकांनी तेव्हाच तसे सांगावे. कागद, पिशव्या, बाटल्या होडीतून परत आणाव्यात. बेटावर टाकलेला कचरा भरतीबरोबर त्याच लोकांच्या जाळ्यांत अडकतो.

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर परतल्यावर समुद्रस्नानाचा मोह होतो. ओहोटी चालू असताना पाणी ओढ घेते आणि वैतरणेच्या मुखाजवळचे प्रवाह पोहणाऱ्यांनाही चकवितात. पाय भिजवून समाधान मानावे.

ज्यांना नवरात्रात हा बेत करावयाचा आहे त्यांच्यासाठी एक ढोबळ आराखडा असा : पंचमीस पहाटे गडावर जाऊन दर्शन घ्यावे. सकाळी साडेनऊच्या सुमारास ओहोटी असल्याने घाई करू नये. बाराच्या सुमारास अर्नाळ्याचा किनारा गाठावा, चढत्या पाण्यात पलीकडे जावे आणि तीन-साडेतीनपर्यंत, पाणी भरलेले असताना, परत निघावे. अष्टमीस क्रम उलटा ठेवावा. सकाळी आठच्या सुमारास उतरत्या पाण्यावर आधी बेटावर जावे, ओहोटी उलटून पाणी थोडे चढू लागले की दोनच्या सुमारास परतावे, आणि गडावर सायंकाळी जावे. प्रतिपदेस भरती ऐन दुपारी व उधाणाची असते. त्या दिवशी गडावर घटस्थापनेची गर्दीही मोठी असते, तेव्हा बेटाचा बेत दुसऱ्या एखाद्या तिथीवर टाकावा. पावसाळा लांबला असेल तर नवरात्रातही आकाशाकडे पाहूनच, आणि तांडेलास विचारूनच निघावे.